गतिमान वेबपृष्ठांची स्वयंचलित चाचणी : ‘लहरी’ अपयशांचा शोध

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या दैनंदिन कामकाजातील बहुतेक नोंदी आज ब्राउझरच्या माध्यमातून होतात. प्रवेश अर्ज, परीक्षा अर्ज, अंतर्गत गुण, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव या सर्वांसाठी प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघांनाही कोणत्या ना कोणत्या वेबपृष्ठासमोर बसावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत शैक्षणिक वर्ष 2024-25 पासून सुरू झाल्यानंतर यात मुक्त निवड विषयांच्या नोंदणीची भर पडली. विषय अनेक, प्रत्येकाच्या जागा मर्यादित, आणि निवड विद्यार्थ्याने स्वतः करावयाची, असे या नोंदणीचे स्वरूप आहे. अशा नोंदणीचे पृष्ठ एकदा उघडले की स्थिर राहत नाही. इतर विद्यार्थी जागा घेत जातात तसतसे ते डोळ्यांसमोर बदलत राहते.

अशा बदलत्या पृष्ठाची चाचणी संगणकाकडूनच करवून घेताना एक विचित्र अनुभव येतो. तीच चाचणी, तेच पृष्ठ, तोच संगणक. तरीही चाचणी सकाळी यशस्वी होते, दुपारी अपयशी ठरते आणि सायंकाळी काहीही न बदलता पुन्हा यशस्वी होते. इंग्रजीत अशा चाचणीसाठी ‘फ्लेकी’ हा शब्द रूढ आहे. प्रस्तुत लेखात तिला ‘लहरी चाचणी’ असे म्हटले आहे. ही लहर कोठून येते, तिचा माग कसा काढावा आणि ती दडपून टाकल्यास काय घडते याचा ऊहापोह येथे केला आहे. रायगड किनाऱ्यावरील एका महाविद्यालयात, प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या एका विद्यार्थी प्रकल्पाचा अनुभव हा या विवेचनाचा आधार आहे. अन्य विद्याशाखांतील सहकाऱ्यांनाही विषय समजावा म्हणून मूळ संकल्पनांपासून सुरुवात करणे इष्ट ठरेल.

पृष्ठ पूर्ण झाले म्हणजे काय?

प्रारंभीच्या काळातील वेबपृष्ठ हे छापील पानासारखे होते. दुव्यावर टिचकी मारली की सर्व्हरकडून संपूर्ण पान येई आणि पुढील टिचकीपर्यंत त्यात बदल होत नसे. पानाचा काही भाग पार्श्वभूमीवर मागवून मूळ पान न हलवता त्यात बसविण्याची सोय 1999 साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर 5 मध्ये आली. फेब्रुवारी 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘अजॅक्स’ हे नाव दिले आणि त्यानंतर ती सर्वत्र पसरली. तेव्हापासून ‘पान पूर्ण आले’ या विधानाला नेमका अर्थ उरला नाही. ब्राउझर आपल्या दृष्टीने पान पूर्ण झाल्याची सूचना देतो. परंतु ती सूचना सांगाड्यापुरती असते. त्या सांगाड्यातील विषयांची यादी, उरलेल्या जागांचे आकडे आणि ‘जतन करा’ हे बटण हे सर्व त्यानंतर, आपापल्या सवडीने येऊन बसते.

माणसाला याचा त्रास होत नाही, कारण माणूस पाहतो आणि थांबतो. यादी दिसली नाही तर तो वाट पाहतो, बटण फिकट असेल तर ते ठळक होईपर्यंत हात आवरतो. चाचणीच्या आज्ञावलीला मात्र हे उपजत ज्ञान नाही. ‘यादीतील अमुक विषयावर टिचकी मार’ एवढेच तिला सांगितलेले असते, आणि ती आज्ञा ती काही मिलीसेकंदांत पाळू पाहते. म्हणजे येथे दोन घड्याळे चालू असतात, एक पृष्ठाचे व दुसरे चाचणीचे. ती एकमेकांशी जुळतील याची हमी कोणीही दिलेली नसते.

सेलेनियम आणि त्याचा वारसा

ब्राउझर स्वयंचलितपणे चालविण्याचे सर्वाधिक परिचित साधन म्हणजे सेलेनियम. शिकागो येथील थॉटवर्क्स या कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी ते 2004 साली तयार केले. कंपनीच्या अंतर्गत वापरातील, कर्मचाऱ्यांनी वेळ व खर्च नोंदविण्याचा एक अर्ज तपासणे हे त्यांचे तात्कालिक निमित्त होते. अर्थात आपल्याच कार्यालयातील अर्जाच्या कंटाळवाण्या तपासणीतून हे साधन जन्मले, ही बाब महाविद्यालयीन वाचकांस जवळची वाटावी. नावामागेही एक विनोद आहे. त्या काळी या क्षेत्रात मर्क्युरी नावाच्या कंपनीचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा मानला जातो! पुढे सायमन स्टुअर्ट यांचा वेबड्रायव्हर हा प्रकल्प सेलेनियममध्ये विलीन होऊन 2011 साली सेलेनियम 2 प्रसिद्ध झाले, आणि जून 2018 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने वेबड्रायव्हरला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. ब्राउझर चालविण्याच्या आज्ञा आता सर्व प्रमुख ब्राउझरांना समान आहेत, त्या या मानकामुळेच.

मायक्रोसॉफ्टने 2020 साली आणलेल्या प्लेराइटसारख्या नव्या साधनांत घटक दिसू लागेपर्यंत, स्थिर होईपर्यंत व वापरण्याजोगा होईपर्यंत आपोआप थांबण्याची व्यवस्था आहे. त्यामुळे लहरीपणाचा मोठा भाग कमी होतो, नाहीसा मात्र होत नाही. त्याचे कारण पुढे येईलच. निरनिराळ्या ब्राउझरांवर व भ्रमणध्वनींवर तपासणी करण्याची सोय आंतरजालावरून पुरविणारी ब्राउझरस्टॅक ही कंपनी तर 2011 साली मुंबईतच सुरू झाली. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण पदवीनंतर मुंबई, नवी मुंबई किंवा पुण्यात चाचणी अभियंता म्हणून नोकरीस लागतात, हे लक्षात घेता हा विषय आपल्या प्रयोगशाळेत आहे त्याहून अधिक गांभीर्याने शिकविला जावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कंप कोणाचा?

लहरी चाचणीपुढे बसलेल्या माणसाला प्रथम एकच प्रश्न सोडवायचा असतो : दोष पृष्ठात आहे की मोजणाऱ्यात? यासंदर्भात आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण बोधप्रद आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी पूर्वी मुंबईतील कुलाबा वेधशाळेत घेतल्या जात. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे निश्चित झाले तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहामुळे नोंदी दूषित होतील, हे तत्कालीन संचालक डॉ. मूस यांच्या ध्यानात आले. वेधशाळेसाठी अलिबागची निवड झाली आणि 1904 पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. येथे लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की, अलिबागच्या नोंदी सुरू होताच कुलाब्याच्या बंद केल्या गेल्या नाहीत. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या परस्परांशी ताडून पाहिल्या गेल्या. सुईचा कंप पृथ्वीचा की परिसराचा, हे एका जागी बसून ठरविता येत नाही. तेच निरीक्षण दुसऱ्या परिस्थितीत करावे लागते.

चाचणीच्या बाबतीत नेमके हेच करावयाचे असते. एकट्या चाचणीला चालवून पाहावे आणि मग इतर चाचण्यांसमवेत. वेगवान जोडणीवर आणि मुद्दाम मंद केलेल्या जोडणीवर. मोठ्या पडद्यावर आणि भ्रमणध्वनीच्या रुंदीवर. एकटी असताना नेहमी यशस्वी आणि समूहात अपयशी होणारी चाचणी बहुधा दुसऱ्या चाचणीने मागे ठेवलेल्या नोंदींना अडखळत असते. पडद्याची रुंदी बदलताच अपयश येत असेल तर बटण एखाद्या पट्टीखाली झाकले गेलेले असते. पहाटे साडेपाचच्या आधीच अपयशी होणारी चाचणी दिसली तर सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालत आहे काय, हे आधी पाहावे. ही कारणे एकदा सापडली की फारसा विचार करावा लागत नाही. खरा गुंता असतो तो प्रतीक्षेचा.

इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपाचे संस्थेच्या 51 प्रकल्पांतील, लहरी चाचण्या दुरुस्त करणाऱ्या 201 नोंदी तपासल्या होत्या. वर्गीकरण करता आलेल्या प्रकरणांपैकी सुमारे 45 टक्के प्रकरणांत मूळ कारण एकच होते, ते म्हणजे उत्तर येण्याची योग्य प्रकारे वाट न पाहणे. हा अभ्यास केवळ ब्राउझर चाचण्यांपुरता नव्हता. ब्राउझर चाचण्यांत तर सगळा व्यवहारच वाट पाहण्याचा आहे.

भरती-ओहोटी आणि प्रतीक्षा

वाट पाहण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे ठरावीक सेकंद स्वस्थ बसणे. आज्ञावलीत ‘तीन सेकंद थांब’ अशी ओळ लिहिली की झाले. दुसरा म्हणजे एखादी अट पूर्ण होईपर्यंत पुनःपुन्हा पाहत राहणे. सेलेनियमच्या पायथन आवृत्तीत अशी स्पष्ट प्रतीक्षा दर अर्ध्या सेकंदाला अट तपासते, आणि अट पूर्ण होताच पुढे जाते. कमाल मर्यादा ओलांडली तर अपयश नोंदविते.

अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. ‘दररोज सकाळी दहाला निघावे’ असा नियम कोणी केला तर तो एक-दोन दिवस चालेल, मग पाण्यात अडकण्याची पाळी येईल. कारण ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरचा माणूस घड्याळ पाहत नाही असे नाही, परंतु पाऊल टाकण्यापूर्वी तो पाणी पाहतो. ठरावीक सेकंदांची प्रतीक्षा ही दहाला निघण्यासारखी आहे. सर्व्हर वेगवान असेल त्या दिवशी ती वेळ फुकट घालविते आणि मंद असेल त्या दिवशी बुडविते.

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. परंतु पाणी पाहणे म्हणजे नेमके काय पाहणे, हा प्रश्न उरतोच. ‘यादी दिसू लागली’ ही अट पुरेशी आहे काय? यादी दिसेल, पण ती मागच्या शाखेच्या विषयांची असेल. ‘फिरते चक्र नाहीसे झाले’ ही अट? चक्र अद्याप उमटलेच नसेल तेव्हाही ती पूर्ण होते. आपण कशाची वाट पाहत आहोत हे नेमक्या शब्दांत सांगता आले नाही तर चाचणी लिहिणाऱ्याला पृष्ठच समजलेले नसते. आमच्या प्रकल्पात हेच घडले.

एका प्रकल्पाचा अनुभव

संगणकशास्त्राच्या तृतीय वर्षातील विद्यार्थ्यांच्या एका गटाने मुक्त निवड विषयांच्या नोंदणीसाठी महाविद्यालयाच्या अंतर्गत वापराचे एक पृष्ठ तयार केले. विद्यार्थ्याने शाखा निवडली की त्याला उपलब्ध विषयांची यादी येई, प्रत्येक विषयापुढे उरलेल्या जागा दिसत, आणि दर दहा सेकंदांनी ही यादी सर्व्हरकडून नव्याने येई. जागा संपलेला विषय यादीतून आपोआप गळून पडे. विषय निवडून ‘जतन करा’ म्हटले की ‘नोंद झाली’ असा संदेश उमटे. रचना सुबक होती. गटाने सेलेनियम वापरून तिच्या चाचण्याही लिहिल्या होत्या, याचे प्रस्तुत लेखकास त्या वेळी विशेष कौतुक वाटले होते.

त्यांपैकी एक चाचणी दर आठ-दहा वेळांस एकदा अपयशी होई. संदेश येई तो असा की, ज्या घटकावर टिचकी मारावयाची तो आता पृष्ठाशी जोडलेला नाही. सेलेनियमच्या परिभाषेत याला ‘स्टेल एलिमेंट रेफरन्स’ म्हणतात. शिळा झालेला संदर्भ, असे मराठीत म्हणता येईल. चाचणी प्रथम यादीतील ओळ शोधते, तेव्हा तिला त्या ओळीचे एक ओळखपत्र मिळते. टिचकी मारण्यापूर्वी पृष्ठाने ती यादी पुसून नवी लिहिली तर दिसायला ओळ तीच असते, परंतु हातातील ओळखपत्र पुसल्या गेलेल्या ओळीचे असते.

विद्यार्थ्यांनी प्रथम तीन सेकंदांची प्रतीक्षा घातली. नंतर ती पाच केली, नंतर आठ. अपयश कमी होण्याऐवजी वाढले. वस्तुतः येथेच सर्वांनी थांबावयास हवे होते. सर्व्हर मंद असता तर प्रतीक्षा वाढविल्याने अपयश घटले असते. ते वाढत होते याचा अर्थ एवढाच की, ओळ शोधणे आणि टिचकी मारणे यांच्या मधल्या काळात पृष्ठ बदलत होते, आणि तो काळ आपणच लांबवीत होतो. दहा सेकंदांच्या चक्रात आठ सेकंद मध्ये बसून राहिल्यास त्या अवधीत यादी नव्याने लिहिली जाण्याचा संभव पाचात चार. लहरी अपयशाच्या तपासात प्रतीक्षा वाढवून पाहणे हे म्हणूनच उपयुक्त आहे, पण ते उपाय म्हणून नव्हे, कसोटी म्हणून. अपयश घटले तर काहीतरी उशिरा येत आहे. वाढले तर आलेले काहीतरी पायाखालून सरकत आहे.

प्रस्तुत लेखकाने ही कसोटी त्या वेळी ओळखली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. परीक्षेचे दिवस होते. गटाने मग दुसरा मार्ग काढला : शिळ्या संदर्भाची तक्रार आली की यादीतील ‘तिसरी ओळ’ पुन्हा शोधावयाची आणि तिच्यावर टिचकी मारावयाची, शेवटी ‘नोंद झाली’ हा संदेश दिसतो एवढे पाहावयाचे. “सर, आता प्रत्येक वेळी पास होतेय,” असे त्यांनी सांगितले आणि प्रकल्पावर स्वाक्षरी झाली.

पुढील सत्रात ते पृष्ठ प्रत्यक्ष वापरात आले. दोन दिवसांनी मुरूडच्या बाजूने येणारी एक विद्यार्थिनी विभागात आली. तिने एक विषय निवडला होता आणि तिच्या नावापुढे दुसराच लागला होता. आपण चुकून भलतीकडे बोट लावले असेल, असे तिला प्रथम सांगण्यात आले. तिसरा विद्यार्थी तीच तक्रार घेऊन आला तेव्हा मात्र यादी मागविली गेली. चुकीची नोंद झालेल्या प्रत्येकाच्या नावापुढे लागलेला विषय हा त्याने निवडलेल्या विषयाच्या लगतचा, खालचा होता.

दोषाचा माग

तपास पुन्हा चाचणीपासूनच सुरू करावा लागला. प्रथम चाचणीला रोजनिशी लिहावयास लावली. प्रत्येक पायरीची वेळ, त्या क्षणीचे पडद्याचे छायाचित्र, पृष्ठाची अंतर्गत रचना आणि सर्व्हरशी झालेली देवाणघेवाण ही सर्व एकाच घड्याळाने नोंदविली. केवळ अपयशाचा अंतिम संदेश वाचून तपास करणे म्हणजे शवविच्छेदन न करता मृत्यूचे कारण लिहिणे होय. आमच्या क्षेत्रात हे सर्रास होते.

दुसरी पायरी महत्त्वाची ठरली. आठ-दहा वेळांस एकदा येणारे अपयश अभ्यासता येत नाही, म्हणून ते दर वेळी येईल अशी परिस्थिती निर्माण केली. यादी नव्याने येण्याचे अंतर दहा सेकंदांवरून एका सेकंदावर आणले, ब्राउझरच्या विकासक साधनांतून जोडणी मंद केली, आणि चाचणीच्या नोंदसाठ्यात यादीतील पहिल्या विषयाची एकच जागा शिल्लक ठेवली. आता दुसऱ्या एका ब्राउझरने ती जागा घेतली की पहिल्या ब्राउझरच्या यादीतून वरची ओळ गळून पडे. तसे होताच, आधी तिसऱ्या ओळीतील विषय निवडून ‘जतन करा’ म्हणणाऱ्याच्या नावे पूर्वीच्या चौथ्या ओळीतील विषय नोंदला जाई. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी.

कारण असे होते की, निवड लक्षात ठेवताना पृष्ठाची आज्ञावली विषयाचा संकेतांक नव्हे, तर ओळीचा क्रमांक लक्षात ठेवत होती. परीक्षागृहात आसन क्रमांक न लिहिता ‘पुढून तिसरा बाक’ अशी नोंद करणाऱ्या पर्यवेक्षकाची कल्पना करावी. पुढचा एक बाक उचलला गेला की उत्तरपत्रिका भलत्याच विद्यार्थ्याच्या नावे जाणार. प्रयोगशाळेत विषय निवडणे आणि जतन करणे यांत एक-दोन सेकंदांचे अंतर होते, म्हणून दोष क्वचितच उद्भवे. किनाऱ्यावरील गावांत, जेथे जोडणी मधूनच नाहीशी होते, तेथे विद्यार्थी विषय निवडून घरच्यांशी बोलतो, अंगणात जाऊन पुन्हा जोडणी मिळवितो आणि मग बटण दाबतो. जून 2020 मधील निसर्ग चक्रीवादळानंतर या पट्ट्यातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना व संपर्काविना होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एरवीही येथील जोडणी प्रयोगशाळेतील जोडणीसारखी नसते. म्हणजे दोषाचा फटका नेमका ज्यांची जोडणी सर्वांत कच्ची त्यांनाच बसत होता.

आता मूळ लहरी चाचणीकडे वळून पाहावे. शिळ्या संदर्भाची तक्रार करताना ती सांगत होती ती गोष्ट खरी होती : निवड आणि कृती यांच्या मध्ये यादी बदलते. तिला गप्प करण्यासाठी ‘तिसरी ओळ पुन्हा शोध’ ही जी युक्ती योजली, तीत मूळ दोषाचीच पुनरावृत्ती होती. पृष्ठ ओळीच्या क्रमांकावर विसंबले होते आणि आता चाचणीही. त्यातच ‘नोंद झाली’ या संदेशापलीकडे काही तपासले जात नव्हते. कशाची नोंद झाली, हे कोणी विचारलेच नाही. स्वयंचलित प्रतीक्षा करणारी नवी साधने येथे उपयोगी पडली नसती. त्यांनी नवी तिसरी ओळ दिसेपर्यंत शांतपणे वाट पाहिली असती आणि चुकीच्या विषयावर अचूक टिचकी मारली असती.

दुरुस्ती व नंतर

दुरुस्ती तुलनेने सोपी होती. निवड विषयाच्या संकेतांकाने लक्षात ठेवली जाऊ लागली. जागा संपलेला विषय यादीतून न काढता ‘जागा संपल्या’ अशा शेऱ्यासह फिकट करून जागच्या जागी ठेवला. जतन करताना जागा शिल्लक आहे काय हे सर्व्हर पुन्हा तपासतो आणि नोंद झालेल्या विषयाचे नाव उत्तरात परत पाठवितो. संदेशात आता तेच नाव दिसते. चाचणीनेही ओळ मोजणे सोडले. ती विषय संकेतांकाने शोधते, संदेशातील नाव निवडलेल्या विषयाशी ताडते आणि शेवटी नोंदसाठ्यातील प्रत्यक्ष नोंद पाहते. मंद जोडणीवरील आवृत्ती तिच्या नित्याच्या फेरीत समाविष्ट केली आहे. चुकीच्या विषयांत गेलेल्या विद्यार्थ्यांची नोंद कागदोपत्री अर्ज घेऊन बदलावी लागली. ज्या विषयांच्या जागा तोवर संपल्या होत्या तेथे संबंधित सहकाऱ्यांनी तुकडीत जास्तीचे विद्यार्थी सामावून घेतले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

अपयशी चाचणी आपोआप पुन्हा चालविण्याच्या प्रथेविषयी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. मोठमोठ्या संस्थांत ती सर्रास आहे, आणि तीमागे व्यवहारही आहे. गुगलने 2016 साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार त्यांच्या चाचण्यांच्या एकूण फेऱ्यांपैकी सुमारे 1.5 टक्के फेऱ्यांचे निकाल लहरी होते, आणि जवळजवळ 16 टक्के चाचण्यांत कमी-अधिक लहरीपणा होता. यशाकडून अपयशाकडे झालेल्या बदलांपैकी तर सुमारे 84 टक्के बदलांत लहरी चाचणीचा संबंध आढळला. एवढ्या प्रमाणावर प्रत्येक अपयशाचा तपास करणे कोणालाही शक्य नाही. परंतु ‘लांडगा आला रे’ ही ओरड ऐकून ऐकून बधिर झालेल्या गावाची अवस्था येथेही होते. पुन्हा चालवावयाचीच असेल तर पहिल्या अपयशाची रोजनिशी जपून ठेवावी, आणि पुन्हा चालवून यशस्वी झालेल्या चाचणीस निर्विवाद यशस्वी चाचणीच्या रांगेत बसवू नये. विद्यार्थी प्रकल्पांच्या मूल्यमापनात मात्र या सवलतीस मुळीच स्थान असू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आपल्या गुणपत्रकात चाचणीसाठी जे गुण असतात ते ‘सर्व चाचण्या यशस्वी’ या छायाचित्रावर दिले जातात. त्याऐवजी विद्यार्थ्याने एका अपयशाचा माग कसा काढला, याच्या लेखी टिपणावर ते दिले जावेत. विभागात आम्ही या वर्षापासून तशी सुरुवात केली आहे.

उपरोक्त पृष्ठाच्या चाचण्यांपैकी एक चाचणी अद्यापही लहरी आहे. शाखा बदलल्यानंतर जुन्या शाखेची यादी क्षणभर परत उमटते आणि नाहीशी होते, असे रोजनिशीतील छायाचित्रांवरून दिसते. आधी मागविलेले उत्तर नंतर मागविलेल्या उत्तराच्या मागून येत असावे, असा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. ती चाचणी काढून टाकलेली नाही. तिच्या प्रत्येक अपयशाची तारीख, वेळ आणि जोडणीचा वेग यांची वही प्रयोगशाळेत ठेवली असून यंदाच्या गटाने ती पुढे चालविली आहे.